मोडशी, पाणी आणि शिंपल्या

गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात मराठी वाचकाच्या परिचयाचा एक शब्द सापडतो. ग्रंथकर्ता गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि पुढील सुमारे तीन दशके त्याने येथेच घालविली. येथील औषधी वनस्पतींची माहिती देताना त्याने एका भयंकर व्याधीचे वर्णन केले आहे. अखंड वांत्या व जुलाब, खोल गेलेले डोळे, थंड पडणारे हातपाय, मंदावणारी नाडी आणि थोड्याच अवधीत ओढवणारा मृत्यू ही त्या व्याधीची लक्षणे त्याने नोंदविली. स्थानिक लोक तिला जे नाव देत, तेही त्याने लिहून ठेवले. ते नाव म्हणजे आपली ‘मोडशी’. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी तर त्याचा ‘कुत्र्याचे मरण’ अशा अर्थाचा शब्द बनविला! मूळ शब्दात कुत्र्याचा काही संबंध नव्हता. परंतु ज्यांनी हा रोग डोळ्यांनी पाहिला, त्यांना तो अपभ्रंश अयोग्य वाटला नसावा.

आज मोडशी हा शब्द साध्या अपचनासाठीही वापरला जातो आणि त्या मूळ रोगास आपण पटकी अथवा कॉलरा म्हणतो. एके काळी मांडवीच्या काठी वैभवाने नांदणारे जुने गोवे शहर पुढे ओस पडले, त्याच्या कारणांत वारंवार येणाऱ्या साथींना अभ्यासक मोठे स्थान देतात. व्यापाराचा ऱ्हास हेही एक कारण होतेच. तथापि दाट वस्ती, सच्छिद्र जमीन आणि घराघरांतील विहिरींत झिरपणारे सांडपाणी यांचा त्या नगरीच्या नाशाशी संबंध जोडला जातो. दगडी चर्चे उभी राहिली. नगर राहिले नाही. राजधानी पणजीला हलली आणि १८४३ मध्ये पणजीला ते स्थान अधिकृतपणे मिळाले.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन असे की, पाण्यातून व पाण्यातील जीवांतून पसरणारे जंतुसंसर्ग हा गोव्याच्या किनाऱ्याला नवीन विषय नाही. नवीन आहे ते त्यांच्याविषयीचे ज्ञान.

जंतूचे घर कोठे?

पटकी दूषित हवेने होते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दृढ होती. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट परिसरात साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली. ती एका सार्वजनिक पंपाभोवती एकवटलेली दिसली. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी इटलीतील फिलिपो पाचिनी यांनी रोग्यांच्या आतड्यांत स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू पाहिले होते. पण त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे रॉबर्ट कॉख हे १८८३ मध्ये इजिप्तमार्गे कलकत्त्यास आले आणि त्यांनी हाच जंतू रोग्यांत व तेथील एका तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. जंतू एवढी माणसे मारतो कसा, हा प्रश्न मात्र आणखी तीन पिढ्या अनुत्तरित राहिला. त्याचे उत्तर १९५९ मध्ये कलकत्त्याचेच डॉ. शंभुनाथ डे यांनी दिले. जंतू स्वतः रक्तात शिरत नाही. आतड्यात राहून तो एक विष सोडतो आणि त्या विषाच्या प्रभावाने आतड्याच्या पेशी शरीरातील क्षार व पाणी बाहेर लोटू लागतात, असे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. तीव्र पटकीत प्रौढ माणसाच्या शरीरातून ताशी एक लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते.

पटकीचा जंतू माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतो आणि पाण्यातून पुन्हा माणसात जातो, एवढेच चक्र पुष्कळ दिवस शिकविले जात असे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी शास्त्रज्ञ रिटा कोलवेल व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, हा जंतू मुळात मचूळ पाण्याचा रहिवासी आहे. नदी आणि समुद्र जेथे मिळतात, अशा खाडीच्या पाण्यात सूक्ष्म कवचधारी जीव असतात. डोळ्यांना ठिपक्याएवढे दिसणारे हे जीव मासळीचे अन्न होत. पटकीचे जंतू त्यांच्या कवचांना चिकटून वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणजे गावात एकही रोगी नसला, तरी खाडीत जंतू असू शकतो.

या ज्ञानाचा एक साधा उपयोग बांगलादेशातील मतलब येथील खेड्यांत करून पाहण्यात आला. स्त्रियांना जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून घागरीच्या तोंडावर धरावयास व त्यातून पाणी गाळावयास सांगितले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतील पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. आपल्याकडेही हंड्याला फडके बांधण्याची चाल जुनी आहे आणि ती टाकाऊ नाही. परंतु फडक्यात अडकतात ते जंतूंना वाहून नेणारे जीव; मोकळे जंतू घडीतून सहज पार होतात. फडके हा उकळण्याला पर्याय नव्हे. जेथे जळणही मिळत नाही, तेथला तो आधार होय.

शिंपल्यांचा व्यवहार

तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवे यांना गोमंतकाच्या जेवणात जे स्थान आहे, ते कोणत्याही आरोग्य-अधिकाऱ्याने हिरावून घेऊ नये आणि घेता येणारही नाही. शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण या नद्यांच्या मुखांशी ओहोटीच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात वाकून शिंपल्या काढणाऱ्या स्त्रियांचे कित्येक संसार त्यावर चालतात. मात्र या जीवांचा जगण्याचा व्यवहार समजून घेतला पाहिजे.

शिंपली अन्नाच्या शोधात फिरत नाही. ती एका जागी राहून पाणी आत ओढते, त्यातील सूक्ष्म कण अडवून ठेवते आणि पाणी बाहेर सोडते. पूर्ण वाढलेले कालव अशा रीतीने तासाला काही लिटर पाणी गाळते. नदीच्या दृष्टीने हे उपकारकच आहे. परंतु त्या पाण्यात वरच्या अंगास असलेल्या वस्तीचे सांडपाणी मिसळत असेल, तर त्यातील जंतूही कणांबरोबर अडविले जातात आणि शिंपलीच्या अंगात त्यांचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी वाढते. मासा आपण पोट काढून, धुऊन शिजवितो. शिंपली मात्र आतड्यासकट खाल्ली जाते. पाण्यातील दोष तिच्यात साठतो तो असा.

याचे शिक्षण इंग्लंडला फार महागात मिळाले. १० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांत नगराध्यक्षांच्या मेजवान्या झाल्या. दोन्ही ठिकाणी कच्ची कालवे वाढण्यात आली आणि ती एम्सवर्थ नावाच्या एकाच गावाहून आली होती. काही दिवसांनी दोन्ही शहरांतील पाहुणे विषमज्वराने आजारी पडू लागले; विंचेस्टरच्या प्रमुख चर्चचे धर्मगुरू त्यात मरण पावले. चौकशीत आढळले की, एम्सवर्थच्या गटारांची तोंडे कालवांच्या वाफ्यांजवळच उघडत होती. त्या गावाचा शतकानुशतकांचा कालव-व्यवसाय त्यानंतर कोसळला. गटार बांधणारे वेगळे, कालवे काढणारे वेगळे. पोट गेले ते कालवे काढणाऱ्यांचे. १९७३ मध्ये इटलीतील नेपल्स शहरात पटकी उद्भवली, तेव्हाही संशय शिनाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांवर आला आणि तेथील आखातातील त्यांची पैदास-केंद्रे सरकारने उद्‌ध्वस्त केली. शांघाय येथे १९८८ मध्ये अर्ध्याकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. ती विषाणूची कावीळ होती, जंतूची नव्हे. पण मार्ग तोच होता.

आपल्याकडे शिंपल्या कच्च्या खाण्याची पद्धत नाही, हे आपले भाग्य. तरीही दोन ठिकाणी गफलत होते. पहिली अशी की, शिंपलीचे तोंड उघडले म्हणजे ती शिजली, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक तोंड उघडते ते आतील स्नायू उष्णतेने सैल पडल्यामुळे. त्या वेळी आतील मांस जंतू मरण्याइतके तापलेले असतेच असे नाही. म्हणून पाण्यात उकळताना तोंडे उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटे पाणी खळखळत ठेवावे. केवळ वाफेवर शिजवीत असल्यास त्याहून अधिक वेळ, म्हणजे नऊ मिनिटांपर्यंत, लागतो. भांडे गच्च भरू नये. मधल्या शिंपल्यांपर्यंत उष्णता पोचत नाही. शिजविण्यापूर्वीच ज्यांचे तोंड उघडे आहे व टिचकी मारूनही मिटत नाही, त्या मेलेल्या समजून टाकाव्यात; शिजवूनही ज्यांचे तोंड मिटलेलेच राहते, त्याही टाकाव्यात. अधिक शिजविल्याने तिसऱ्या चिवट होतात, अशी गृहिणींची तक्रार असते आणि ती खरी आहे. चार मिनिटांनी होणारा चिवटपणा सोसण्यासारखा असतो.

दुसरी गफलत रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवण्याविषयीची. या रीतीने शिंपलीतील वाळू निघते. जंतू निघतील असा विश्वास मात्र बाळगू नये. काही देशांत शिंपल्या विकण्यापूर्वी निर्जंतुक केलेल्या वाहत्या पाण्यात सुमारे दोन दिवस जिवंत ठेवतात. त्याने सांडपाण्यातील जंतू बऱ्याच अंशी कमी होतात. पण समुद्रात आणि खाडीत मूळचेच राहणारे जंतू तेवढ्यानेही सहजी जागा सोडत नाहीत. पातेल्यातील स्थिर पाण्याची मग काय कथा? कोकम, लिंबू, शिर्का यांनी चव येते. त्यांच्यावर जंतू मारण्याची जबाबदारी टाकू नये.

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मांडवी-झुआरीच्या पाण्यात व गाळात विष्ठादूषण दर्शविणारे जंतू वेळोवेळी नोंदविले आहेत. तेव्हा प्रश्न केवळ परदेशचा नाही. नदीकाठच्या प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीतील सांडपाणी नेमके कोठे जाते, हे एकदा नावेतून पाहावे. कागदावरील नकाशात ते नेहमीच नीट जाते.

विळी, टोपली आणि बर्फ

ऑक्टोबर १९५० मध्ये जपानमधील ओसाका शहराच्या परिसरात अर्धवट वाळविलेली बारीक मासळी खाऊन २७२ लोक आजारी पडले व त्यांपैकी २० दगावले. ओसाका विद्यापीठाचे त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्या मासळीतून व रोग्यांतून एक नवा जंतू वेगळा काढला. पटकीच्या जंतूचाच हा भाऊबंद. परंतु त्याला मीठ लागते आणि समुद्रकिनाऱ्याच्या कोमट पाण्यात तो स्वाभाविकपणे असतो. याच जंतूचा एक नवा प्रकार १९९६ मध्ये कलकत्त्यात आढळला आणि काही वर्षांतच तो जगाच्या अनेक भागांत पोचला. पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, उलट्या, थोडा ताप अशी लक्षणे मासळी खाल्ल्यापासून बहुधा एका दिवसाच्या आत दिसतात व निरोगी माणूस दोन-तीन दिवसांत बरा होतो. त्यामुळे कोणी नोंद करीत नाही आणि ‘काहीतरी बाधले’ एवढ्यावर विषय संपतो.

या जंतूचे वैशिष्ट्य त्याच्या वाढीच्या वेगात आहे. उबदार जागी तो दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. पंधरा मिनिटांचा हिशेब धरला, तरी शंभर जंतूंचे तीन तासांत चार लाखांहून अधिक जंतू होतात. शाळेतील मुलांना दुपटीचे गणित शिकविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. उलट, पूर्ण शिजविल्यावर तो मरतो आणि कडक थंडीत त्याची वाढ थांबते. मग शिजविलेले खाऊनही माणसे आजारी का पडतात? याचे उत्तर बहुधा विळीवर सापडते. ज्या विळीवर कोळंबी किंवा बांगडा कापला, तिच्यावरच केवळ पाण्याचा हात फिरवून काकडी व कांदा चिरला जातो. मासळी आगीवर जाते. कोशिंबीर जात नाही. विळी, पाट व हात साबणाने स्वच्छ धुवावेत, किंवा कोशिंबीर आधी चिरून मासळी नंतर घ्यावी. त्याला काही खर्च नाही. शिजलेली आमटी ज्या टोपात कच्ची मासळी ठेवली होती त्यातच परत ओतणे, हाही तोच प्रमाद.

बांगडा, तारली, कुपा यांच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. या मासळीच्या मांसात असा एक घटक असतो की, मासळी उन्हात अथवा बर्फाविना राहिली तर काही जंतू त्याचे रूपांतर हिस्टामीन या द्रव्यात करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनएक तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते, छातीत धडधडते. लोक म्हणतात, याला बांगडा मानवत नाही. खरे पाहता दोष माणसाच्या प्रकृतीचा नसून मासळीच्या हाताळणीचा असतो. येथे शिजविण्याचा उपाय हरतो. जंतू मरतात, पण त्यांनी तयार केलेले हिस्टामीन उकळून, तळून वा खारवूनही नष्ट होत नाही. म्हणून येथे एकच इलाज: मासा पाण्याबाहेर आल्याबरोबर बर्फात गेला पाहिजे. आपल्या हवामानात मासळीच्या वजनाइतका बर्फ असावा, असा साधारण नियम आहे. दोन-चार तुकडे वर दिसण्यापुरते मांडले म्हणजे बर्फ घातला असे होत नाही.

आणि बर्फ कोणत्या पाण्याचा? गोठण्याने जंतू मरतातच असे नाही. पुष्कळसे झोपी जातात व बर्फ वितळताच जागे होतात. जेटीच्या कडेचे पाणी बादलीने ओढून मासळी धुण्याची सवयही अशीच घातक आहे. जुलै २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या शंकेने गोव्यात मोठी खळबळ माजली, काही काळ परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर बंदीही आली. ती काळजी अनाठायी नव्हती. परंतु बर्फाच्या पाण्याविषयी आणि बाजारातील नळाविषयी तितक्या तळमळीने चर्चा क्वचितच ऐकू येते.

कुटबणची घटना

२०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, मासेमारीचा नवा हंगाम सुरू होऊन थोडाच काळ झाला असताना, सासष्टीतील कुटबण जेटीवर ट्रॉलरवरील कामगारांत पटकीचा उद्रेक झाला. काही कामगार दगावले. हे बहुतेक परप्रांतांतून पोटासाठी आलेले. त्यांचे घर म्हणजे ट्रॉलरच. तेथेच निजणे, तेथेच रांधणे. पिण्याचे पाणी, शौचालय आणि नदी या तिन्ही गोष्टी जेथे काही हातांच्या अंतरावर येतात, तेथे सोळाव्या शतकातील मोडशीला एकविसावे शतक दिसत नाही. या घटनेतून मासळी खाणाऱ्यांनी स्वतःपुरती भीती घ्यावी, यापेक्षा ती आणणाऱ्यांच्या वाट्याला कोणते पाणी येते, याचा विचार अधिक व्हावयास हवा. जेटीवर शुद्ध पाण्याचा नळ, पुरेशी शौचालये, ट्रॉलरवर झाकणाचे व तोटीचे पिंप आणि जुलाब होताच रजा न कापता दवाखान्यात पाठविणारा मालक, एवढ्याने असा उद्रेक बहुतांशी टळतो. यांपैकी शेवटची गोष्ट कोणत्याही निविदेत मागविता येत नाही.

रोगी हाती आल्यावर

पटकीत मृत्यू येतो तो शरीरातील पाणी व क्षार संपल्याने. डॉ. डे यांनी दाखविलेले विष आतड्यातून पाणी बाहेर लोटते खरे. परंतु आतड्याची एक वाट त्या काळातही उघडी राहते. साखर आणि मीठ जोडीने आले, तर पेशी ती दोन्ही आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणीही आत येते. केवळ पाणी पाजून हे साधत नाही, केवळ मिठानेही नाही. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात निर्वासितांचे लोंढे सीमेवरील बनगाव येथे आले, तेव्हा शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून त्या पाण्यात विरघळवून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजण्यास आरंभ केला. छावणीतील सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. ज्या पुड्या आज प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात मिळतात, त्यांची ही कुळकथा आहे.

पुडी एक लिटरची असल्यास ती पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजे ग्लासात टाकू नये. तयार द्रावण चोवीस तासांत संपवावे, उरल्यास ओतून द्यावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचा हात सैल सुटल्यास लाभाऐवजी हानी होते, हे लक्षात ठेवावे. उलटी झाली तरी दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट पाजावे. अंगावरचे दूध तोडू नये, जेवण बंद करू नये. मुलांना आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्याव्यात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, लघवी थांबणे, ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता द्रावण पाजीत पाजीतच रोग्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे व तेथे कळवावे. कळविण्याची लाज बाळगल्यामुळे साथ लपत नाही.

विषमज्वराची गोष्ट वेगळी. तो जुलाबाने नव्हे, तर दिवसागणिक चढत जाणाऱ्या तापाने ओळख देतो. त्याचा जंतू केवळ माणसातच राहतो आणि काही जण बरे झाल्यावरही पित्ताशयात तो वागवीत राहतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण त्यांच्या हातचे खाणाऱ्यांना होते. त्यावर प्रतिजैविके आहेत. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावीत. दोन दिवस ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देण्याचा परोपकार करू नये. जंतू आता पुष्कळ औषधांना दाद देईनासे झाले आहेत, त्याला असेच परोपकार कारणीभूत आहेत.

मासेमारी करणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. खाडीच्या पाण्यातील काही जंतू पोटातून नव्हे तर जखमेतून शिरतात. कालवाच्या कपरीने पाय कापला आणि काही तासांतच तो सुजून काळानिळा पडू लागला, ठणका वाढला, ताप आला, तर ती साधी जखम समजू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यकृताचा आजार अथवा मधुमेह असलेल्यांना हा संसर्ग जिवावरचा ठरू शकतो. अशांनी उघडी जखम घेऊन खाडीत उतरू नये व अर्धीकच्ची शिंपली कधीही खाऊ नये.

विहिरीचा हिशेब

नळयोजना पोचली, तरी गोव्याच्या वाड्यांवरील विहिरी बुजलेल्या नाहीत आणि बुजवूही नयेत. परंतु येथील जमीन जांभ्याची. जांभा दगड घरासाठी उत्तम, गाळणीसाठी वाईट. त्याच्या भेगांतून पावसाचे पाणी आणि शोषखड्ड्यातील मैला दोन्ही सारख्याच वेगाने खाली जातात. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. भेगाळ जांभ्यात तो अपुरा पडतो, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या उतारावर असेल तर अधिकच. कठडा, बाजूचा सिमेंटचा ओटा व सांडलेले पाणी दूर नेणारी पन्हळ हवीच.

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम बहुधा अंदाजाने, ओंजळीच्या मापाने होते. त्याचा हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास व पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी. व्यासाचा वर्ग करून त्यास खोलीने व ३.१४ ने गुणावे, ४ ने भागावे आणि आलेल्या संख्येस १००० ने गुणावे. म्हणजे लिटर मिळतात. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास २८,२६० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर या प्रमाणात सुमारे ७० ग्रॅम लागेल. ती थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि दहा मिनिटे ठेवावी. तळाशी चुना बसतो. तो टाकून वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे, ती विहिरीत पाण्याखाली सोडून वरखाली हलवावी. हे रात्री करावे; निदान तासभर पाणी काढू नये. तासानंतरही लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आढळले पाहिजे; आरोग्य कर्मचाऱ्याजवळील क्लोरोस्कोपने ते क्षणात कळते. पोते उघडे ठेवल्यास पावडरीतील जोर उडून जातो व उरतो तो केवळ पांढरा चुना. असा चुना भक्तिभावाने टाकला जात असल्याची उदाहरणे थोडी नाहीत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने घरगुती विहिरींसाठी एकात एक दोन छिद्रांची मडकी वापरण्याची पद्धत सुचविली होती. आतील मडक्यात एक किलो पावडर व दोन किलो जाड वाळू घालून जोड पाण्याच्या पातळीखाली मीटरभर टांगली की दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू सुटत राहते. पिण्यापुरते पाणी घरी शुद्ध करावयाचे, तर ते खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळणे पुरते.

शिक्षकांसाठी एक प्रयोग उपयुक्त आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक सोपी बाटली-चाचणी प्रसिद्ध केली. लहान निर्जंतुक बाटलीत रसायन शोषविलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून बाटली रात्रभर उबदार जागी ठेवायची. पाण्यात विष्ठेतील जंतू असल्यास सकाळपर्यंत ते काळे पडते. प्रयोगशाळा लागत नाही, वीजही लागत नाही. सातवी-आठवीच्या वर्गाने आपल्या वाड्यावरील प्रत्येक विहिरीची बाटली जूनपूर्वी एकदा आणि पावसाची पहिली सर जोरात कोसळल्यावर एकदा, अशा दोन ओळी खिडकीत मांडून ठेवाव्यात. काळ्या पडलेल्या बाटल्या मुलांनी हाताळू नयेत. त्यांत ब्लीचिंग पावडरचे द्रावण घालून अर्ध्या तासाने शिक्षकांनी त्या रिकाम्या कराव्यात, आणि विहिरींची यादी त्याच दिवशी पंचायतीच्या सचिवांकडे व आरोग्य केंद्राकडे धाडावी.